एकोणिसावं नाव

१० ऑगस्ट, सोमवार
दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय आई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र बाजूला ठेवलं नसेल तर सलाम. ठेवलं असेल तरी सलाम, कधीतरी उघडालच. फोन केला की तुम्ही तो जाऊबाईंच्या हातात देता, आणि मग आम्ही दोघी सुना एकमेकींना हवापाणी विचारत बसतो. तीनदा झालं असं. चौथ्यांदा मला इथलं हवापाणी सांगायची हौस नाही.

कागद खाकी आहे त्याबद्दल रागवू नका. कपडे बेतायचा कागद आहे, मास्तरांकडून मागून घेतला. मास्तर म्हणाले, "एवढा कशाला? कुणाचा कोट बेततेस?" मी म्हटलं, सासूबाईंना पत्र लिहायचंय. त्यांनी आणखी एक ताव दिला.

लिहायला बसायचं कारण सांगते. काल उपासना संपल्यावर आम्ही फुटपाथने येत होतो. भिंगरीने माझा हात सोडला, धावत गेली आणि एका अनोळखी म्हाताऱ्या बाईंच्या गुडघ्यांना मिठी मारून ओरडली, "आजी!" (तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, म्हणून हे नाव तुम्हाला माहीत नसेल. आता एका जागी थांबत नाही.) त्या बाई खूश झाल्या, पिशवीतून बिस्किट काढून दिलं. पुढे बसथांब्यावर आणखी एक आजी भेटली. बँकेच्या दारावर जो म्हातारा रखवालदार बसतो, त्यालाही तिने आजी करून टाकलं. त्याला मिशा आहेत.

तुमचे चिरंजीव पोट धरून हसले. मीही हसले. पण घरी येऊन बटाटे सोलताना मला रडू आलं. तिला शब्द आला आहे, पण त्या शब्दाचं माणूस तिला आठवत नाही. पांढरे केस दिसले की ती तपासून बघते, एवढंच.

दुसरं असं, की पाळकसाहेबांची बदली झाली आहे. नोव्हेंबरच्या मध्याला ते जाणार. ते म्हणाले, "तुमच्या मुलीचा बाप्तिस्मा तेवढा माझ्या हातून राहिला. ८ नोव्हेंबरचा रविवार धरू?" मी सांगितलं, धरा, पण तिची आजी आल्याशिवाय मी तिला पाण्यापाशी आणणार नाही. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे दुरुस्त करत असलेल्या लिफ्टचा दोर मीच कापला. घरी येऊन म्हणाले, "आणि आई आलीच नाही तर?" मी म्हटलं, येतील.

तेव्हा यावं, ही विनंती.

बाप्तिस्म्याच्या झग्याबद्दल मी मागेही सांगितलं होतं. बाळ गुटगुटीत होतं म्हणून बाजूने सैल केला आणि खालची पिवळी पडलेली पट्टी काढून नवी लेस लावली. हेतू वाईट नव्हता.

तुमची खोली तशीच ठेवली आहे असं लिहिणार होते, पण खोटं नको. तिथे यांची हत्यारं आणि कपडे वाळत घालायचा स्टँड आहे. पण अर्ध्या तासात रिकामी होईल.

तुमची सून


१८ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय आई,

उत्तर नाही. ठीक आहे, आठवडाच झाला आहे.

जाऊबाईंनी यांना फोनवर सांगितलं की पत्र आलं, तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून वाचलं, आणि मग कांदा चिरायला घेतला. म्हणजे डोळ्यांत पाणी आलं असेल तर कांद्याने आलं, असं धरायचं. धरते.

रविवारी चर्चमध्ये भिंगरीने आमचं नाक कापलं. घरी जेवणाआधी प्रार्थना करतो आणि आमेन म्हटलं की तिला चमचा मिळतो, हे तिच्या पक्कं लक्षात आलं आहे. त्यामुळे आमेन म्हणजे पुरे, आता पुढचं काढा. आंघोळ नको झाली की आमेन. केस विंचरणं नको झालं की आमेन. परवा हे फोनवर कुणालातरी लिफ्ट का बंद पडली ते समजावत होते, तर हिने मांडीवर चढून त्यांच्या तोंडावर हात ठेवला, "आमेन." रविवारी पाळकसाहेबांची मोठी प्रार्थना चालली होती. आजारी, प्रवासी, विद्यार्थी असं सगळ्यांचं झालं, आणि श्वास घ्यायला ते जरा थांबले. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज, "आमेन!" सवयीने अर्धी मंडळी आमेन म्हणून खाली बसली. गायकांनी गीत सुरू केलं. पाळकसाहेब डोळे उघडून उभेच. शेवटी म्हणाले, "मंडळीचा कौल कळला." मला भुईत शिरावंसं वाटलं, पण मागच्या बाकावरच्या बायका खुसखुसत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही.

हसून झालं. आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला एकदा क्रमाने मांडू द्या.

गेल्या सप्टेंबरात भिंगरी अकरा महिन्यांची होती. तुम्ही ट्रंकेतून बाप्तिस्म्याचा झगा काढून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "फक्त इस्त्री कर." यांच्या पणजीने शिवलेला झगा. घरातल्या प्रत्येक मुलाने घातलेला. मी भिंगरीला घालून पाहिला, तर काखेतून जाईना. मंगळवारी मी तो दुकानात आणला, बाजूच्या शिवणी उसवल्या, रुंदी वाढवायला कळ्या घातल्या, खालची दुमड चार बोटं कापून टाकली आणि लेस लावली. शनिवारी, बाप्तिस्म्याच्या आदल्या दुपारी, मी मोठ्या तोऱ्यात तो तुमच्यापुढे धरला. तुम्ही खालची कड बोटांत धरून सगळीकडून चाचपत गेलात. पूर्ण फेरी. मग म्हणालात, "यात एकोणीस नावं होती." आणि खोलीत गेलात. सकाळच्या बसने तुम्ही थोरल्यांकडे निघून गेलात. तेव्हापासून एक शब्द नाही.

नावांचं मला नंतर यांनी सांगितलं. बाप्तिस्मा झाला की आई त्या दुमडीचे चार टाके उसवते, आतल्या बाजूला पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने मुलाचं नाव भरते, आणि दुमड पुन्हा बंद करते. सासू सुनेला हे त्या दिवशीच दाखवते, आधी नाही. मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "मला वाटलं तुम्हा शिवणाऱ्यांना कळतं." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मी त्याच दुपारी दुकानात धावले होते. चिंध्यांची पोती दर गुरुवारी जातात, यंत्रं पुसायला. ती गेली होती.

पाळकसाहेबांना आम्ही भिंगरीला ताप आल्याचं कळवलं. ताप वगैरे काही नव्हता. ती टेबलाखाली बसून माझी चप्पल चावत होती.

तुमची सून


१ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय आई,

पार्सल मिळालं! आत चिठ्ठी नाही, काही नाही, नुसते दोन पिवळे लोकरीचे मोजे. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत हात घालून पाहिलं. हे म्हणाले, "मोजे आले ना, आणखी काय हवंय, दाखला?" मला तर दुकानात नाचावंसं वाटलं. इस्त्रीवाल्या बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर तान्ह्या मुलाचे."

आई, मोजे सुरेख आहेत, पण ते तिच्या अंगठ्यालाच अडकतात. तुम्ही अकरा महिन्यांच्या पायाचे विणलेत. तुमच्या डोळ्यांपुढे ती अजून तेवढीच आहे, हे पाहून मला कसंतरीच झालं. भिंगरीने मात्र मार्ग काढला. एक बाहुलीला घातला आणि दुसरा स्टुलाच्या पायाला. स्टुलाचे उरलेले तीन पाय उघडे म्हणून रोज सकाळी तक्रार असते.

सोबत तिच्या पायाचं माप पाठवते. खाकी कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली आहे. टाचेजवळ रेघ वाकडी दिसेल, तिथे तिला गुदगुल्या झाल्या. बोटांपाशी जो डाग आहे तो दुधाचा.

एरवी तिचं काय चालतं ते सांगते. सकाळी माझ्याआधी उठते. बुटात बूट घालते, म्हणजे स्वतःचे बूट घालून वर वडिलांचे घालते, आणि दारात उभी राहून "कामाला" म्हणते. दिवसा ती शेजारच्या निवृत्त नर्सबाईंकडे असते. त्या तिला शिस्त लावतात आणि ती त्यांच्या मांजरीला. रात्री जेवणाआधी आम्ही तिला विचारतो, आज देवाला कुणासाठी सांगायचं? परवाची यादी अशी: मांजर, बस, लिफ्ट, चमचा, आजी. आजी म्हणताना ती फोनकडे बोट दाखवते. तुम्ही फोनमध्ये राहता असा तिचा समज आहे, आणि तुमच्या अलीकडच्या वागणुकीने तो दूर होण्यासारखा नाही.

थोडं तिखट झालं. खोडत नाही.

तुमची सून


१२ सप्टेंबर, शनिवार

प्रिय आई,

मी एक काम हाती घेतलं आहे. आधीच सांगते, नाहीतर पुन्हा तुम्हाला न विचारता झग्याला हात लावला असं व्हायचं.

गेली पट्टी परत येणार नाही. पण नावं तर कुठे गेली नाहीत, माणसं आहेत, नोंदी आहेत. म्हणून मी घंटावाल्या काकांना गाठलं. त्यांच्याकडे चर्चच्या कपाटाच्या किल्ल्या असतात, तुम्हाला आठवत असेल. त्यांनी बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या काढून दिल्या आणि बजावलं, "पानाला थुंकी लावायची नाही." मी भिंगरीला बाकावर बसवलं, हातात काकांची जुनी घंटेची दोरी दिली, आणि दोन तास पानं उलटली. तिने दोरीला सात गाठी मारल्या. काका त्या अजून सोडवत आहेत.

आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांच्या बहिणी, बाबा, काका, आत्या, थोरले, हे, थोरल्यांची दोन्ही मुलं. काहींचे बाप्तिस्मे दुसऱ्या गावी झाले, ते फोन करून विचारले. या निमित्ताने कळलं की यांच्या एका आत्याबाईंचा बाप्तिस्मा चालू असताना त्यांनी पाळकांचा चष्मा ओढून पाण्यात टाकला होता. म्हणजे भिंगरीचं रक्त कुठून आलं ते समजलं.

अठरा नावं झाली. तुम्ही एकोणीस म्हणाला होतात. हे म्हणतात, आईची मोजणी चुकली असेल. मी म्हटलं, तुमच्या आईची मोजणी चुकलेली मी तरी पाहिलेली नाही. जाऊबाईंनाही माहीत नाही. त्यांनी फक्त आपल्या मुलांपुरते टाके उसवले होते, शेजारी डोकावल्या नव्हत्या.

मास्तरांनी जुनं मऊ मलमल दिलं. झग्याला मिळतंजुळतं आहे, पण नवंकोरं नाही. माझी लेस मी उसवून टाकली. आता रोज सुट्टीत एकेक नाव भरते आहे. माझा हात मशिनीचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिलं नाव पाहून इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, "ही अक्षरं आहेत की मुंग्या निघाल्यात?" मी उसवलं. दुसऱ्यांदाही उसवलं. तिसऱ्यांदा त्या गप्प बसल्या.

तेवढं एकोणिसावं नाव कळवाल का? एका ओळीचं पत्र चालेल. नुसतं नाव चालेल.

तुमची सून


२३ सप्टेंबर, बुधवार

प्रिय आई,

नवे मोजे बरोब्बर बसले. टाचेची वाकडी रेघसुद्धा तुम्ही विणलीत की काय असं वाटलं, इतके नेमके. भिंगरीने ते आंघोळीतही काढू दिले नाहीत. चिठ्ठी या वेळीही नव्हती, आणि नावही नाही.

बाप्तिस्मा म्हणजे काय ते तिला आम्ही समजावत होतो. पाळकसाहेब डोक्यावर पाणी घालतील, देवाच्या घरातली होशील, रडायचं नाही. आता घरात रोज बाप्तिस्मे होतात. बाहुलीचा झाला, चमच्यांचा झाला, नर्सबाईंच्या मांजरीचा होता होता राहिला. काल यांचा नवा कामाचा बूट बादलीत सापडला. हे एका दहा मजली इमारतीत लिफ्ट बघायला निघाले होते. उशीर का झाला म्हणून साहेबांनी विचारलं, तर यांनी सांगितलं, "बुटाचा बाप्तिस्मा झाला." साहेब अजून यांच्याकडे जरा जपून बघतात म्हणे.

अकरा नावं भरून झाली. थोरल्यांचं भरलं तेव्हा मजा वाटली. एवढा धिप्पाड माणूस, दारातून वाकून येतो, तो कधी या झग्यात मावला होता! यांचं नाव मी शेवटाकडे ठेवलं आहे.

अठरा-एकोणीसचा घोळ मला सुटेना, म्हणून येत्या रविवारी मी तुमच्या धाकट्या बहिणीकडे, मावशींकडे जाते आहे. त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं. दोन तास ऐकायची तयारी ठेवून जाते.

तुमची सून


५ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय आई,

मावशींकडे जाऊन आठवडा झाला. आठ दिवस हे पत्र लिहायला जमलं नाही.

मावशी नेहमीसारख्या दारातच सुरू झाल्या. शाळा, शेजारी, गुडघे, रेडिओवरचे कार्यक्रम. भिंगरीने त्यांना मध्येच आमेन केलं, तरी थांबल्या नाहीत. मग मी अठरा नावांची यादी पुढे केली आणि विचारलं, यात कोण राहिलं? त्यांनी यादी वाचली. उठून रेडिओ बंद केला. 

आई, त्यांनी मला सांगितलं.

थोरल्यांच्या दोन वर्षं आधी तुम्हाला मुलगी झाली होती. दिवस भरण्याआधीच झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा पाळकांना बोलवायलाही वेळ नव्हता, म्हणून तिथल्या नर्सनेच पेल्यातलं पाणी घेऊन तिचा बाप्तिस्मा केला. ती नऊ दिवस जगली. चर्चच्या वहीत नोंद झाली नाही. फोटो काढला नव्हता. बाबा म्हणाले, घरात हा विषय नको, आणि तो कधीच निघाला नाही. पण तुम्ही घरी आलात तेव्हा तुमच्या सासूबाईंनी ट्रंक उघडली, झगा तुमच्या मांडीवर ठेवला आणि सुईत दोरा ओवून दिला. तिने तो झगा कधी घातला नव्हता. तरी तुम्ही तिचं नाव त्यात टाकलंत.

मी नाव विचारलं. मावशी म्हणाल्या, "ते तिचं आहे. तिच्याकडून घे."

येताना बसमध्ये भिंगरी माझ्या मांडीवर झोपली होती. चांगली जड झाली आहे. माझा पाय बधिर झाला, पण मी तिला हलवलं नाही.

मी वर्षभर समजत होते की मी एक जुनी पट्टी कापली आणि तुम्ही उगाच एवढं मनाला लावून घेतलंत. जगात तिचं नाव एकाच ठिकाणी होतं, आणि मी ते कापून चिंध्यांत टाकलं. मला माफ करा, हा शब्द फार छोटा आहे, पण माझ्याकडे तोच आहे.

यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. माझं तोंड बंद राहील.

थोरल्यांचं नाव मी उसवून पुढे घेतलं आणि त्याआधी चार बोटं जागा मोकळी सोडली आहे.

तुमची सून


१४ ऑक्टोबर, बुधवार

प्रिय आई,

काल भिंगरी दोन वर्षांची झाली. नर्सबाईंनी केक केला. मेणबत्त्या विझवायच्या तर हिने त्यांवर ग्लासभर पाणी ओतलं आणि "बाप्तिस्मा" म्हणाली. केक आम्ही चमच्याने प्यायलो. सगळे इतके हसले की शेजारचे बघायला आले.

मीही हसत होते, आणि मनात एक गोष्ट टोचत होती. ती आज लिहून टाकते. ही वाचून तुम्ही कदाचित येणार नाही. पण न लिहिता तुम्हाला बोलावणं म्हणजे पुन्हा तापाची थाप मारण्यासारखं होईल.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की हेतू वाईट नव्हता. ते खरं नाही.

त्या मंगळवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात नर्सबाईंशी बोलत होता. मी बाहेर भिंगरीला बूट घालत होते. तुम्ही म्हणालात, "हिची शिलाई दुकानी. झग्याला हात लावू देणार नव्हते, पण घरात दुसरं कोण आहे?" मला ते झोंबलं. बारा वर्षं मी या कामावर पोट भरते. लोक आपली लग्नाची वस्त्रं माझ्या हातात निर्धास्त सोडून जातात. मी ठरवलं, दुकानी शिलाई काय असते ते दाखवतेच. कळ्या घालून काम भागलं होतं. दुमड कापायची काही गरज नव्हती.

आणि दुमड कापताना माझी कात्री अडली.

तुम्हीही आयुष्यभर शिवण केलंत, म्हणून तुम्हाला हे सांगावं लागणार नाही. कापडात काही असलं की कात्री हाताला कळवते. पहिल्यांदा अडली तेव्हाच मला समजलं की आत भरतकाम आहे. बोटालाही उंचवटे लागले. दुसरं कुणाचं कापड असतं तर मी थांबून चार टाके उसवून पाहिलं असतं, नव्या मुलींना मी हेच शिकवते. तिथे मी थांबले नाही. कात्री जोर देऊन पुढे रेटली. रागाने रेटली. एकोणीस वेळा अडली असेल, मी मोजलं नाही.

हे मी यांना सांगितलेलं नाही, मास्तरांना नाही, प्रार्थनेतसुद्धा आडून आडूनच सांगितलं. आज तुम्हाला सरळ सांगितलं.

अठरा नावं पुरी झाली. झगा तुमच्या ट्रंकेत ठेवला आहे. ८ नोव्हेंबरला तुम्ही आलात तर बाप्तिस्मा होईल. नाही आलात तर पाळकसाहेब बदलून जातील, दुसरे येतील, आणि मी पुन्हा विचारेन. भिंगरी तोपर्यंत पाळकांनाच बादलीत बुडवेल, पण मी तुमच्याशिवाय पुढे जाणार नाही.

तुमची सून


२२ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय सूनबाई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. खाकी कागदावर शाई फुटते, पुढे पांढरा घेत जा.

बसचं तिकीट काढलं आहे. पाच तारखेला सकाळी पोचते. त्याला घ्यायला पाठव, पण कामाच्या कपड्यांत नको, मला तेलाचा वास सहन होत नाही. खोलीतली हत्यारं हलव. कपड्यांचा स्टँड राहू दे, मला मोजे वाळत घालायला लागेल. मांजरीला पाण्यात घालू देऊ नकोस.

कात्रीचं तू लिहिलंस. शिवणाऱ्या बाईची कात्री अडल्यावाचून राहत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी वर्षभर रागावले ती तू थांबली नाहीस यावर. पट्टीवर नाही. तू हे स्वतः लिहिशील असं वाटलं नव्हतं.

आता माझं ऐक. सासूने सुनेला नंतर दाखवायचं ही रीत खरी, पण थोरल्या सुनेला मी झगा देतानाच सांगितलं होतं की खाली हात लावू नकोस. तुला नाही सांगितलं. तुझी नजर बारीक. तू टाके उसवून सगळी नावं वाचली असतीस आणि विचारलं असतंस की हे कुणाचं. मला ते नको होतं, म्हणून गप्प बसले. मी एक वाक्य बोलले असते तर पट्टी वाचली असती. दुकानी शिलाई म्हणाले तेही चूक. कळ्या चांगल्या घातल्या होत्यास, मी पाहिल्या.

झगा पोरीला आता होणार नाही. खांद्यावर टाकू. त्याने काही बिघडत नाही.

मोकळी जागा तू माझ्यासाठी ठेवलीस. पण सुईत दोरा आता माझ्याने जात नाही. विणकाम हाताच्या सवयीने होतं, भरतकामाला डोळे लागतात. तेव्हा ते नाव तूच टाक. बाकीची अठरा टाकलीस तसंच, पांढऱ्यावर पांढरं. मी येईपर्यंत दुमड बंद करू नकोस, मला हात फिरवून बघायचं आहे.

नाव या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे. चाळीस वर्षांत ते मी कुणापुढे घेतलेलं नाही. देवापुढे घेते, तेही मनात. म्हणून तू नुसतं बघून सुई हातात घेऊ नकोस, आधी मोठ्याने वाच. आणि तो कामावरून घरी आला की त्याच्यासमोर वाच. त्याला सांग, तुला एक मोठी बहीण होती.

तुझी,
आई